नोटरी (भिवंडी)

नोटरी : (लेखप्रमाणक). दस्तऐवजावरची सही आपल्यासमोर झाली आणि सही करणारा माणूस तोच आहे, अशी ग्वाही देणारा शासननियुक्त विधिज्ञ. ‘लेखप्रमाणक’ हा शासकीय मराठीतला शब्द. भिवंडीत तो कुणी उच्चारत नाही. तिथे ‘नोटरी’ हे माणसाचेही नाव आहे आणि कामाचेही. ‘कागद नोटरी करून आण’ एवढे म्हटले की भागते.

या पदाचा कायदा १९५२ चा, अंमल १४ फेब्रुवारी १९५६ पासून. त्याच वर्षी नियमही आले. त्याआधी नेमणुका परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ च्या कलम १३८ खाली होत. नव्या कायद्यामुळे ते कलम गेले, आणि १९८८ च्या दुरुस्तीने त्याच क्रमांकावर चेक न वटल्याच्या गुन्ह्याचे कलम आले. उधारीवर चालणाऱ्या भिवंडीच्या कापडबाजारात ‘एकशे अडतीस’ म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. हा आकडा मुळात नोटरीचा होता, हे मात्र विस्मरणात गेले आहे.

नेमणूक : नोटरीसाठी वेगळी लेखी परीक्षा नाही, वकिलीची वर्षे मोजली जातात. सर्वसाधारण उमेदवाराला किमान १० वर्षांची वकिली लागते. अनुसूचित जाती-जमाती व इतर मागासवर्गीय उमेदवारांना आणि स्त्रियांना ७ वर्षे पुरतात. केंद्र शासन देशाच्या किंवा त्याच्या एखाद्या भागासाठी नोटरी नेमते, राज्य शासन राज्यापुरता किंवा त्यातील एखाद्या भागापुरता. केंद्राच्या नोटरींची शासनाकडची कामे सप्टेंबर २०२४ पासून ऑनलाइन पोर्टलवर आली आहेत. प्रत्येक राज्यासाठी नोटरींची कमाल संख्या ठरलेली असल्याने पात्रता असूनही थांबावे लागते. व्यवसाय-प्रमाणपत्र ५ वर्षांचे असते व पुढे नूतनीकरण करता येते. प्रमाणपत्रात लिहिलेल्या क्षेत्राबाहेर शिक्का चालवता येत नाही. वकिली सोडावी लागत नाही. न्यायालयाच्या आसपास बसणारे नोटरी बहुधा दोन्ही कामे करतात.

साहित्य : शिक्क्याचे माप नियमातच दिले आहे : साधा, गोल, ५ सेंमी व्यासाचा. त्यावर नोटरीचे नाव, क्षेत्र, ‘नोटरी’ हा शब्द आणि नेमणूक करणाऱ्या शासनाचे नाव हवे. रबरी शिक्के बनवणारा कारागीर सांगाल ते अर्ध्या दिवसात कोरून देतो, म्हणून शिक्का करायला टाकण्याआधी प्रमाणपत्र हातात असावे आणि मजकूर त्यावरूनच अक्षरशः उतरवावा. नेमणूक नसताना नोटरी म्हणून मिरवणे हा गुन्हा आहे. लाल कागदी चकती, सोनेरी वेफर, हिरवी दोरी यांची बाजारात चलती आहे. चकती नसेल तर कागद कच्चा, अशी अनेक पक्षकारांची ठाम समजूत असते. पण कायद्याला हवा असतो शिक्का. चकती ही शोभा.

खरा पैसा खर्च करावा तो नोंदवहीवर. नियमांना जोडलेल्या १५ व्या नमुन्यात ती ठेवायची असते : अनुक्रमांक, तारीख, कामाचे स्वरूप, सही करणाऱ्याचे नाव व पत्ता, लावलेले तिकीट, घेतलेली फी, पावतीचा क्रमांक, पक्षकाराची सही, नोटरीची सही. जिल्हा न्यायाधीश ती तपासायला मागू शकतात. सुटे कागद नंतर टाचून केलेली वही तिथे उघडी पडते. पक्की बांधलेली, छापील पृष्ठक्रमांकांची वही घ्यावी. पक्षकार समोर नसताना ‘सही नंतर घेऊ’ म्हणून सोडलेला रकाना शिक्का कितीही ठसठशीत असला तरी भरून निघत नाही. याखेरीज पावतीपुस्तक, कार्यालयाबाहेर नाव व पदाची पाटी, आत फीचा तक्ता (तो लावणे बंधनकारक आहे) आणि ‘नोटरियल’ असे छापलेली चिकट तिकिटे लागतात. मुद्रांकाचा कागद पक्षकाराने आणायचा असतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये महाराष्ट्रात अनेक दस्तांचे किमान शुल्क १०० रुपयांवरून ५०० रुपये झाले. तेव्हापासून ‘शंभराचा स्टॅम्प’ ही जुनी बोली तशीच राहिली आहे, कागद मात्र बदलला.

भिवंडीतील कामे : प्रतिज्ञापत्रे, मुखत्यारपत्रे, सत्यप्रती हे रोजचे. कायद्यात हुंडी स्वीकारासाठी वा वसुलीसाठी सादर करणे, ती न वटल्याची नोंद करणे हीही कामे आहेत. यंत्रमागाच्या या गावात ती हुंडीवाल्या काळाची खूण म्हणून उरली आहेत. भाषांतर करणे व तपासणे हे काम मात्र इथे जिवंत आहे, कारण मराठी, उर्दू, हिंदी आणि तेलुगू बोलणारी कुटुंबे शेजारी राहतात.

गैरसमजही याच गावात दाट आहेत. नोटरी केलेल्या कागदाने घराची मालकी बदलत नाही. १०० रुपये व त्याहून अधिक किमतीच्या स्थावराच्या विक्रीला नोंदणीच लागते. तरी ‘नोटरीवर रूम’ विकल्या जातात. लग्न वा घटस्फोटाचे कागद करून देणे हे नोटरीचे काम नाही, असे केंद्रीय विधी मंत्रालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये कळवले आहे. घर भाड्याने देताना ‘हेवी डिपॉझिट’चा (मोठ्या अनामतीचा) करारही नोटरीवर भागवला जातो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार असा करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.