तिसऱ्या तारेची बखर

नरकचतुर्दशीच्या पहाटे तांब्याचा बंब पेटवणे ही आमच्या लहानपणची पहिली आतषबाजी. मधल्या नळकांड्यात कोळसे आणि ढलप्या, भोवती पाणी, खाली राखेची जाळी. बंब रुसे, धुराने डोळे चुरचुरवी, प्रसंगी चटकाही देई. पण त्याचा एक गुण मानलाच पाहिजे. तो आपला धोका लपवीत नसे. त्याच्या जागी न्हाणीघराच्या भिंतीवर जो पांढरा, गुळगुळीत, मुका गृहस्थ येऊन बसला आहे, त्याचे तसे नाही. म्हणून त्याची, किंबहुना त्याच्या पाठीमागच्या तिसऱ्या तारेची बखर आज सांगतो.

'गीझर' हे नाव आइसलंडमधल्या उकळत्या पाण्याच्या कारंज्यावरून आले. १८६८ साली लंडनच्या बेंजामिन वॅडी मॉघन नावाच्या रंगाऱ्याने गॅसवर पाणी तापवणारे यंत्र काढले आणि त्याला हे नाव दिले. जळत्या गॅसचा धूर बाहेर नेण्याची सोयच त्यात नव्हती. अंघोळ करणाऱ्याने तो मुकाट्याने हुंगावा, अशीच जणू योजना!

विजेच्या बाबतीतही आरंभीचे शहाणपण एकांगीच. १८८२ साली लंडनच्या तारयंत्र अभियंत्यांच्या संस्थेने विजेच्या दिव्यांविषयी नियम छापले. त्यांच्या शीर्षकात आगीचा धोका आहे, माणसाचा नाही. घर जळू नये म्हणून फ्यूज आला आणि त्याच्या भरवशावर लोक निर्धास्त झाले. पण फ्यूज हा तारांचा रखवालदार, तुमचा-आमचा नव्हे. १५ अँपिअरचा फ्यूज १५,००० मिलिअँपिअर सुखाने जाऊ देतो. आणि माणसाला किती पुरतात? कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या चार्ल्स डॅलझील यांनी स्वयंसेवकांच्या हाती तारा देऊन हे मोजले. पुरुषाची मूठ सरासरी १६ मिलिअँपिअरच्या सुमारास सुटेनाशी होते, स्त्रीची १०.५ च्या. तेवढ्याची फ्यूजला दादही नसते.

तिसऱ्या तारेचे काम साधे आहे. गीझरच्या आतली एखादी तार सुटून पत्र्याला टेकली, तर सगळा पत्रा जिवंत होतो. त्या पत्र्याला अर्थिंगची तार नीट जोडलेली असेल, तर प्रवाह त्या वाटेने लोंढ्यासारखा धावतो आणि फ्यूज उडतो. तार नसेल, तर पत्रा वाट पाहत राहतो. अनवाणी, ओल्या अंगाचा माणूस हीच मग त्याची वाट. जमिनीचा संपर्क कच्चा असला, तर लोंढाही पुरेसा येत नाही. त्यासाठी जाणारा आणि परत येणारा प्रवाह ताडून पाहणारे यंत्र हवे. त्याचा एक नमुना याच डॅलझीलसाहेबांनी १९६१ मध्ये सिद्ध केला. आज आपल्या घरी बसवतात ते सहसा ३० मिलिअँपिअरच्या फरकाला तुटते.

दुसरे महायुद्ध चालू असतानाच ब्रिटनमध्ये पुढच्या घरांतील विजेचा विचार करायला एक समिती बसली. २० सभासदांत बाई एकच, कॅरोलिन हॅस्लेट. गृहिणींना विजेची ओळख करून देणाऱ्या संस्थेचा कारभार त्या १९२४ पासून पाहत होत्या. वीज घरात नेमकी कोणाच्या हाताशी खेळते, हे त्यांना कोणी सांगायला नको होते. समितीचा अहवाल १९४४ चा आणि त्यातून निघालेला प्लग १९४७ चा. त्याची तिसरी पिन लांब. ती आधी आत शिरून बाकीच्या दोन भोकांवरची झाकणे उघडते. पोराने त्या भोकांत खिळा घालू पाहिला, तर झाकणे मिटलेलीच. मला विचाराल, तर हे त्या देशाच्या मोठ्या शोधांत मोडते.

तिकडे थंडीमुळे अख्खे घर तापवणारा बॉयलर असतो. तो बहुधा गॅसवर चालतो; वीज लागते ती पंप, पंखा आणि ठिणगीपुरती. त्याला ३ अँपिअरचा फ्यूज पुरतो. मात्र बॉयलर, पंप, घड्याळ, थर्मोस्टॅट सगळे एकाच बटणामागे ठेवतात आणि ते बटण फेज व न्यूट्रल दोन्ही तोडते. एखादी तार दुसऱ्या वाटेने जिवंत राहिली, की दुरुस्तीला आलेल्याचा घात!

आपण मात्र १९३४ च्या ब्रिटिश प्रमाणातल्या गोल पिनाच धरून राहिलो. त्यातही शहाणपण आहेच: जाड, लांब पिन आधी जोडली जाते आणि शेवटी सुटते. २,००० वॅटचा गीझर २३० व्होल्टला जवळजवळ ९ अँपिअर ओढतो, म्हणून त्याला १५ किंवा आता १६ अँपिअरची जागा हवी; दिव्याच्या बटणावर त्याची वर्णी लावू नये. १९५६ च्या भारतीय वीज नियमांत अर्थिंगचा स्वतंत्र नियम होता. पण जुन्या घरांत तारा दोनच, आणि बाजारात तीन पिनांना दोन करून देणारी खुंटी चार आण्यांत!

आमच्या आत्याबाईंच्या वाड्यात गीझर आला, तेव्हा वायरमनने विचारले, "काकू, अर्थिंग पाण्याच्या नळाला देऊ ना? सगळीकडे तसंच देतात." तेव्हा नळ लोखंडाचे होते, जमिनीत दूरवर गेलेले, रीत चालून गेली. पुढे वाड्याचे गंजलेले नळ काढून प्लास्टिकचे घातले. पाणी छान येऊ लागले आणि तिसरी तार त्याच दिवशी अधांतरी झाली. गीझर तापतच राहिला, त्यामुळे कोणाच्या ध्यानात येण्याचे कारणच नव्हते.

दोन वर्षांनी एक तरुण वायरमन पंख्याच्या कामाला आला. त्याने न विचारता फेज आणि अर्थिंगमध्ये आपला टेस्ट लॅम्प धरला. दिवा लागला नाही. "आजी, गीझर बंद ठेवा आजपासून," एवढेच तो म्हणाला. आठवडाभर आत्याबाईंनी चुलीवर पाणी तापवले. मग परसात खोल खड्डा खणून, त्यात तांब्याचा पत्रा उभा करून, भोवती कोळसा आणि मिठाचे थर दिले. आणि उन्हाळ्यात त्यात रोज बादलीभर पाणी ओतायचे काम आत्याबाईंनी स्वतःकडे घेतले.