पेशींचा शिधा



आंबेगांव तालुक्यांतील सातगांव पठारावर बटाट्याच्या लागवडीपूर्वीं शेतांत शेणखत पडतें. त्यांत पिकाला लागणारें बरेंच कांहीं असतें. परंतु कोणतें द्रव्य किती, हें शेतकऱ्यास सांगतां येत नाहीं, आणि दर वर्षाचें खत सारखेंच उतरेल असेंहि नाहीं. जुन्नर-आंबेगांवकडील हा अनुभव ध्यानीं ठेवला, म्हणजे कांचेच्या पात्रांत वाढविलेल्या पेशींच्या अन्नाचा इतिहास समजण्यास जड जाणार नाहीं.

इ. स. १९०७ मध्यें अमेरिकेंत रॉस हॅरिसन यांनीं बेडकाच्या गर्भांतील मज्जापेशी लसिकेच्या गोठलेल्या थेंबांत जगविल्या. पुढें रक्तरस, म्हणजे सीरम, हा पेशींचा मुख्य आधार ठरला. रक्त गोठल्यावर सुटणारा हा निवळ द्रव. आणि त्यांतहि विशेष मानवणारा तो कत्तलखान्यांतील गाईच्या पोटांतल्या, न जन्मलेल्या वासराचा. १९५५ सालीं हॅरी ईगल यांनीं पेशींना १३ अ‍ॅमिनो अम्लें, जीवनसत्त्वें, साखर व क्षार लागतात, हें दाखविलें; तरी थोड्या रक्तरसावांचून त्यांचेंहि भागलें नाहीं.

आपला पुणें जिल्हाहि या इतिहासांत आहे. १९५२ सालीं पुण्यास विषाणु संशोधन केंद्र निघालें. तेथें १९६७ सालीं के. आर. पी. सिंग यांनीं एडिस डासांच्या अळ्यांपासून पेशींचे वाण सिद्ध केले. डेंग्यूसारख्या विषाणूंच्या अभ्यासास ते जगभर उपयोगीं पडले. पुण्यांत जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनीं मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रांत देशांतील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. पुण्याच्या त्या डासपेशींनाहि वासराचा रक्तरसच द्यावा लागे.

परंतु रक्तरसाची गत शेणखतासारखीच. एक घाणा दुसऱ्यासारखा नसतो, म्हणून प्रयोगाचा पडताळा घेणें कठीण; आणि त्यांतून नको तो विषाणु लसींत शिरण्याचें भय निराळेंच. मग रक्तरसांत पेशीला नेमकें काय मिळतें, याचा शोध सुरू झाला. १९७६ सालीं इझुमी हायाशी व गॉर्डन साटो यांनीं उंदराच्या पेशी रक्तरसाऐवजीं कांहीं हार्मोनें व ट्रान्सफेरिन देऊन वाढविल्या. आज इन्शुलिन, ट्रान्सफेरिन व सेलेनियम हें त्रिकूट प्रयोगशाळांत सर्वपरिचित आहे. इन्शुलिन पेशीला अन्न घेऊन वाढण्याची सूचना देतें. ट्रान्सफेरिन लोह पोंचवितें. आणि अत्यल्प सेलेनियम ऑक्सिजनजन्य अपायापासून पेशीचें रक्षण करणाऱ्या विकरांस लागतें.

मात्र एकच शिधा सर्व पेशींना मानवत नाहीं. वर्गांतील मुलांप्रमाणें प्रत्येकीची गरज वेगळी. म्हणून अनेक ठिकाणीं रक्तरस अद्यापि वापरांत आहे.

गाभण गाईवर काठी उगारूं नये, असें आमच्याकडील वडीलधारीं माणसें सांगत. प्रयोगशाळेंतील एकेका द्रव्याचें नांव व वजन निश्चित होत जाईल, तसतसें त्या न जन्मलेल्या वासराकडे मागणें कमी होईल. शास्त्राची अचूकता आणि जुनी दया या ठिकाणीं एकाच वाटेनें चालल्या आहेत, याचें मला समाधान वाटतें.