टंगस्टनमधले सापळे

हायड्रोजनला टंगस्टनमध्ये राहणे मुळीच मानवत नाही. एक अणू स्फटिकजाळीच्या फटीत बसवायचा तर सुमारे १ इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा पदरची घालावी लागते, आणि आत गेलेला अणू वाट मिळेल तिकडे झपाट्याने सरकत राहतो. हे पाहता टंगस्टन कोराच राहायला हवा. पण प्लाझ्मात ठेवलेला तुकडा नंतर तापवला की त्यातून ड्युटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, निघतो, आणि विद्राव्यतेच्या हिशेबात बसणार नाही इतका निघतो. तो साठलेला असतो जाळीतल्या दोषांमध्ये. हेच त्याचे सापळे.

अणुसंमीलनाच्या भट्टीत हा प्रश्न ट्रिटियममुळे गंभीर होतो. ड्युटेरियमबरोबर इंधन म्हणून लागणारा हा हायड्रोजनचाच प्रकार किरणोत्सारी आहे, त्याचे अर्धायुष्य १२.३ वर्षे, आणि तो दुर्मीळ. फ्रान्समध्ये उभ्या राहत असलेल्या ईटर या यंत्राच्या पात्रात तो १ किलोपेक्षा जास्त अडकू द्यायचा नाही, अशी मर्यादा आहे. इंग्लंडमधल्या जेट यंत्राच्या कार्बनच्या भिंतींनी ट्रिटियम इतका धरून ठेवला, की २०११ पासून तिथे बेरिलियम व टंगस्टनच्या भिंती आल्या. इंधन अडकण्याचे प्रमाण दहापटीहून अधिक घटले. ईटरने २०२३ मध्ये बेरिलियमही सोडून सगळीकडे टंगस्टनच घेण्याचे ठरवले. भारत २००५ पासून या प्रकल्पात भागीदार आहे. आपल्याकडचे काम गांधीनगरजवळच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेमार्फत चालते.

सापळा किती खोल आहे, यावर पुढचे सगळे ठरते. स्फटिककणांच्या सीमा आणि जाळीतल्या घसरणरेषा अणूला साधारण ०.८५ इलेक्ट्रॉनव्होल्टने धरतात, एका अणूची रिकामी जागा सुमारे १.४ने, तर अशा अनेक जागा एकत्र येऊन झालेली पोकळी १.९च्या आसपास. अणू सेकंदाला १०^१३ वेळा कंप पावतो असे धरून सुटकेचा काळ काढला, तर २७ अंश सेल्सिअसला पहिल्या सापळ्यातून तो वीसेक सेकंदांत निसटतो. दुसऱ्यातून निघायला हजार वर्षे लागतील. ईटरच्या भिंती तापवून साफ करायच्या त्या २४० अंशांवर हीच हजार वर्षे पाच-सहा सेकंदांवर येतात. पोकळीतल्या अणूला मात्र तिथेही पाच दिवस हवेत. डायव्हर्टर, म्हणजे पात्राच्या तळाशी प्लाझ्माची उष्णता झेलणारा भाग, ३५० अंशांपर्यंत तापवता येतो. तिथे चार मिनिटे पुरतात.

हे गणित फार सोपे आहे, आणि म्हणूनच फसवे. सापळ्यातून सुटलेला अणू लगेच बाहेर पडत नाही. वाटेत दुसरा रिकामा सापळा लागला की पुन्हा अडकतो. प्रयोगशाळेत नमुना निर्वात पात्रात ठेवून एकसारख्या गतीने तापवतात आणि निघणारा वायू मास स्पेक्ट्रोमीटरने मोजतात. आलेखावर जी शिखरे उमटतात, त्यांचे तापमान पाहून थेट सापळ्याची ऊर्जा सांगण्याचा मोह अनेकांना होतो. पण तोच सापळा खोलवर पसरलेला किंवा संख्येने जास्त असेल, तर शिखर अधिक तापमानाकडे सरकते. मोजणीतही खाचाखोचा आहेत. ड्युटेरियमचा बराच भाग साध्या हायड्रोजनशी जोडी जमवून वस्तुमान ३ वर निघतो. दोन ड्युटेरियमच्या जोडीचे फक्त ४ मोजणाऱ्याचा हिशेब तोकडा पडतो. शिवाय ४ वर हेलियमही येतो, आणि साध्या उपकरणाला ते दोन वेगळे ओळखता येत नाहीत. ड्युटेरियम पृष्ठभागापासून किती आत आहे याची वेगळी मोजणी हाताशी नसेल तर नुसत्या आलेखावरून काढलेल्या ऊर्जेवर मी तरी विसंबणार नाही.

सापळे येतात कुठून? काही धातू घडवतानाच झालेले असतात. प्लाझ्मातला १०० इलेक्ट्रॉनव्होल्टचा ड्युटेरियम टंगस्टनच्या अणूला धडकून फार तर ४ इलेक्ट्रॉनव्होल्ट देऊ शकतो. अणू जागचा उखडायला ९०च्या आसपास लागतात. संमीलनातला १४ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टचा न्यूट्रॉन मात्र एका धडकेत तीन लाखांपर्यंत देतो, आणि मग उखडाउखडीची साखळीच सुरू होते. असा मार खाल्लेल्या टंगस्टनमध्ये फार तापमान नसताना दर शंभर अणूंमागे एक-दोन ड्युटेरियम मावतात. मुळात न विरघळणाऱ्या वायूच्या मानाने हे प्रचंड आहे.

एका रिकाम्या जागेत सामान्य तापमानाला सहापर्यंत अणू बसतात. पहिले दोन घट्ट, सुमारे १.४ने, सहावा ०.९च्याही खाली. ट्रिटियम काढण्याचा एक उपाय यावरच उभा आहे. भिंतीवर साध्या हायड्रोजनचा किंवा ड्युटेरियमचा प्लाझ्मा सोडायचा. जागा भरत गेल्या की प्रत्येक अणूवरची पकड ढिली होते, आणि ट्रिटियम एरवीपेक्षा कमी तापमानाला जागा सोडतो.

अडचण खोलीची आहे. पुरेसा तीव्र न्यूट्रॉनस्रोत हाताशी नसल्याने प्रयोगांत टंगस्टनच्याच वेगवान आयनांनी नमुना खराब करतात, आणि त्याचे वरचे दोनेक मायक्रॉनच खराब होतात. न्यूट्रॉन मिलिमीटरच्या मिलिमीटर आरपार जातात. डायव्हर्टरच्या ठोकळ्याचा प्लाझ्माकडचा भाग हजार अंशांच्या घरात तापतो, तिथे सापळे जवळजवळ रिकामेच. पाण्याच्या नळीलगतचा भाग थंड, आणि तिथले सापळे भरले की भरले. तिथल्या ट्रिटियमला ३५० अंशांवर एका पोकळीतून निघायला चार मिनिटे लागतील हे खरे, पण पृष्ठभागापर्यंतच्या वाटेत त्याला अशा असंख्य पोकळ्या लागणार आहेत.