नौकरी, काम आणि मुलाखत

२००५ साली भिलाईतील एका कार्यालयात चतुर्थ श्रेणीच्या जागांसाठी मुलाखती होत्या आणि निवड समितीत मी होतो. उमेदवारांपैकी एकजण त्याच कार्यालयात नऊ वर्षे रोजंदारीवर होता. सकाळी आमच्या खुर्च्या त्यानेच मांडल्या, पाण्याचे पेले त्यानेच भरून ठेवले आणि मग शर्ट बदलून तो उमेदवार म्हणून आमच्यासमोर बसला. आम्ही त्याला राज्यपालांचे नाव विचारले. तो अडखळला. इतरांप्रमाणे मीही कमी गुण दिले. दुपारचा चहा त्यानेच आणला.

भिलाईत 'नौकरी' आणि 'काम' हे शब्द समानार्थी नाहीत. पोलाद कारखान्यातील कायम जागा ही नौकरी. ठेकेदाराकडे राबणे हे नुसते काम. मानववंशशास्त्रज्ञ जोनाथन पॅरी यांनी या भेदाचा दीर्घ अभ्यास केला आहे. सोव्हिएत संघाशी कारखान्याचा करार २ फेब्रुवारी १९५५ रोजी झाला, तेव्हा दुर्ग जिल्ह्याची राजधानी आपले नागपूर होते. १९५९ साली पहिली झोतभट्टी पेटली. तिला लागणारे लोहखनिज दल्ली-राजहऱ्याच्या खाणींतून येई, आणि तेथे हाताने दगड फोडणारे हजारो मजूर ठेकेदारांचे होते. १९७७ साली त्यांनी शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली छत्तीसगड माइन्स श्रमिक संघ उभारला. त्याच वर्षी जूनमधील पोलीस गोळीबारात ११ जण मारले गेले. पुढे नियोगींनी भिलाईच्या खाजगी कारखान्यांतील ठेका कामगारांसाठी कायम नोकरीची मागणी केली. २८ सप्टेंबर १९९१ रोजी त्यांची हत्या झाली. १ जुलै १९९२ रोजी पॉवर हाउस स्थानकाजवळ रूळांवर बसलेल्या कामगारांवर गोळीबार झाला, त्यात १६ कामगार गेले.

कायद्याची वाट निराळी, पण तीही येथूनच जाते. १९७० च्या कायद्यान्वये बारमाही कामातील ठेका पद्धत बंद करता येत असे. मात्र ती बंद झाल्यावर कामगाराने दुसऱ्या दिवशी कोठे जायचे, याविषयी कायदा मूक होता. डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला मूळ मालकाने सामावून घ्यावे असे ठरवले. ३० ऑगस्ट २००१ रोजी घटनापीठाने ते फिरवले. हा खटला भिलाईची मालक असलेल्या स्टील अथॉरिटीचाच होता. ठेका केवळ कागदोपत्री असल्याचे सिद्ध झाले तरच कामगार मालकाचा. एरवी नवी भरती झालीच, तर त्याला प्राधान्य आणि वयाची सवलत. म्हणजे पुन्हा रांग, पुन्हा मुलाखत.

एप्रिल २००६ च्या उमादेवी निकालाने सरकारी खात्यांतील हंगामी लोकांचा आपोआप कायम होण्याचा हक्क नाकारला. अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून यातील तर्क मला पटतो : रोजंदारीही न मिळालेला, दाराबाहेर उभा असलेला तरुण समान संधीचा तितकाच धनी आहे. परंतु मागच्या दाराने स्वस्तात माणसे घेणारेही आम्हीच आणि पुढच्या दाराचे नियम त्यांना वाचून दाखवणारेही आम्हीच, हे प्रशासनात राहून कसे विसरावे? १ जानेवारी २०१६ पासून केंद्राने कनिष्ठ पदांच्या मुलाखती बंद केल्या. वशिला कमी झाला, हे खरेच. पण माणसाची नऊ वर्षे निदान समितीच्या कानी घालण्याची एक जागा होती, तीही गेली.

डिसेंबर २०२४ मध्ये न्या. विक्रम नाथ आणि न्या. प्रसन्न वराळे यांनी केंद्रीय जल आयोगात वर्षानुवर्षे सफाईचे व बागेचे काम करणाऱ्यांना कायम करण्याचा आदेश दिला आणि उमादेवी निकालाची ढाल करणाऱ्या खात्यांना फटकारले. ते निकालपत्र वाचून मी उमादेवीचा निकाल पुन्हा काढला. मंजूर पदावर दहा वर्षे भरलेल्यांसाठी त्यात एकवेळची सवलत होती.

आमच्या त्या उमेदवाराची नऊ भरली होती.