विद्यापरिषद
विद्यापीठातील अध्यापन, संशोधन व मूल्यमापन यांचा दर्जा राखणारे प्राधिकरण. मुंबई विद्यापीठाच्या १८५७ मधील रचनेत अधिसभाच सर्वाधिकारी होती. १९२८ च्या अधिनियमाने शैक्षणिक विषयांसाठी विद्वानांची स्वतंत्र परिषद निर्माण केली. अभ्यासमंडळाने आखलेला अभ्यासक्रम विद्याशाखेमार्फत परिषदेकडे मान्यतेसाठी येतो. सोलापूर जिल्ह्यातील माळशिरस तालुक्यातील, विशेषतः अकलूज येथील, महाविद्यालयांचे अभ्यासक्रम पूर्वी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात (स्थापना १९६२) ठरत. २००४ मध्ये सोलापूर विद्यापीठ स्थापन झाल्यावर हा अधिकार जिल्ह्यातच आला. २०१६ च्या अधिनियमानुसार कुलगुरू परिषदेचे अध्यक्ष असतात. प्राचार्य नामनिर्देशित, तर प्रत्येक विद्याशाखेचे दोन अध्यापक निर्वाचित असतात. पदसिद्ध व नामनिर्देशित सदस्यांच्या बहुमतात अध्यापकांचे मत कितपत विचारात घेतले जाते, यावर परिषदेची शैक्षणिक स्वायत्तता अवलंबून असते.