वऱ्हाडचा कापूस, मँचेस्टरचे वैभव आणि आपली स्मृती

मँचेस्टर शहराच्या मध्यभागी जॉन रायलँड्स ग्रंथालयाची दगडी वास्तू उभी आहे. एखाद्या जुन्या चर्चसारखी दिसणारी ही इमारत एन्रिकेटा रायलँड्स यांनी पतीच्या स्मरणार्थ बांधविली आणि १ जानेवारी १९०० रोजी ती वाचकांसाठी खुली झाली. जॉन रायलँड्स हे कापडगिरण्यांचे मालक होते. म्हणजे या ज्ञानमंदिराचा पाया कापसाचा आहे. आणि त्या काळी इंग्लंडात जाणाऱ्या कापसात आपल्या वऱ्हाडचाही कापूस होता.

वऱ्हाड प्रांत निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला तो १८५३ साली. पुढे १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस थांबला आणि लँकेशायरच्या गिरण्या ओस पडल्या. इंग्रजांची नजर वऱ्हाडच्या काळ्या जमिनीवर खिळली. १८६७ साली रेल्वे नागपूरला पोहोचली, १८७० साली खामगावच्या कापूसबाजाराला रूळ जोडले गेले. आपल्या वाशीम जिल्ह्यातील कारंज्याहून जाणारी मूर्तिजापूर–यवतमाळ ही अरुंद रुळांची 'शकुंतला' त्याच साखळीतली पुढची कडी. तिचे १९२१ साली मँचेस्टरमध्ये घडविलेले वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत राबले. कापूस तिकडे गेला, इंजिन इकडे आले. हा व्यवहार कोणाच्या पाठीवर उभा होता, हे मात्र इतिहासाच्या पुस्तकात सापडत नाही.

या इतिहासाला आणखी एक बाजू आहे. ३१ डिसेंबर १८६२ रोजी मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये सभा भरली. गिरण्या बंद होत्या, घरात उपासमार होती, तरीही गुलामगिरीविरुद्धच्या लढ्यात आम्ही लिंकनच्या बाजूचे आहोत, असे त्या सभेने कळविले. जानेवारी १८६३ मध्ये लिंकनने त्या कामगारांना उत्तर पाठविले. पुढे दहा वर्षांनी, १८७३ साली, जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' हा ग्रंथ गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला. मुक्तीचा विचार समुद्र ओलांडून गेला. परंतु गुलामांच्या कापसाला पर्याय म्हणून जो कापूस वऱ्हाडातून गेला, त्या वऱ्हाडच्या गावगाड्यात महार-मांगांची वेठ तशीच चालू होती. जगातली एक गुलामगिरी मोडली म्हणून दुसरी आपोआप मोडत नाही.

याचा पुरावा मुंबईच्या गिरण्यांत मिळतो. धोट्यातील कांडी बदलताना विणकर धागा तोंडाने ओढून घेत असे. हीच रीत लँकेशायरमध्येही होती आणि तिथे तो आरोग्याचा प्रश्न ठरला. मुंबईत तो विटाळाचा प्रश्न झाला! अस्पृश्याच्या ओठाचा धागा सवर्ण कामगाराला चालेना, म्हणून जास्त मजुरीचे विणकाम खाते दलितांना बंद राहिले. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला. यंत्र एकच, कृती एकच. जात मात्र आपली स्वतःची.

आज मँचेस्टरच्या बहुतेक गिरण्या थंडावल्या आहेत. तिथेही सारे जपले गेले असे नाही. फ्री ट्रेड हॉलचे २००४ साली हॉटेल झाले. परंतु त्याच शहरात लोकांच्या इतिहासाचे संग्रहालय आहे, त्यात कामगार संघटनांचे जुने झेंडे जपले आहेत. शेजारच्या सॅल्फर्डमध्ये कामगार चळवळीचे ग्रंथालय आहे. ते कोणा भांडवलदाराने दिलेले नाही. एडी फ्राउ हा कारखान्यातला कामगार आणि त्याची शिक्षिका पत्नी रूथ यांनी स्वतःच्या घरात पत्रके, अहवाल, पुस्तके जमविली. घर भरून गेले, तेव्हा १९८७ साली तो संग्रह सार्वजनिक वास्तूत आला.

आपल्याकडे काय झाले? १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत संप सुरू झाला, त्यानंतर गिरणगाव मोडले आणि लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या जागी मॉल आला. १८७७ ची नागपूरची एम्प्रेस मिल २००२ साली बंद झाली. शकुंतलेचे रूळही आता गाडीविना पडून आहेत. परळच्या दामोदर हॉलमधल्या ९ मार्च १९२४ च्या ज्या सभेतून बहिष्कृत हितकारिणी सभा उभी राहिली, ती सभा गिरणी कामगारांच्या वस्तीत भरली होती, हे आमच्या किती विद्यार्थ्यांना ठाऊक आहे?

दगडी इमारत बांधायला कापसाचा पैसा लागतो. कागद जपायला लागत नाही. जिनात आणि प्रेसमध्ये राबलेल्यांची हजेरीपत्रके, जलसाकारांच्या वह्या, १९५६ च्या धम्मदीक्षेला नागपूरला गेलेल्यांच्या आठवणी, कापूस वेचणाऱ्या बायांची गाणी हे सारे अजून आपल्या वस्त्यांत आहे, आणि दर पावसाळ्यात, दर मृत्यूबरोबर थोडे थोडे नाहीसे होत आहे. महाविद्यालयातील शिक्षकांनी विद्यार्थ्यांना याच कामासाठी गावोगाव पाठवावे. प्रत्येक तालुक्याच्या बुद्धविहारात एक कपाट या कागदांसाठी राखून ठेवावे, आलेल्या प्रत्येक कागदाची नोंद वहीत करावी. आपला इतिहास कोणी लिहिला नाही, ही तक्रार खरी आहे. पण पुरावाच उरला नाही, तर उद्या ती तक्रारही खरी मानली जाणार नाही.