घास आणि नळी

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण जुनी खरी. पण साठीपर्यंत पोचणारी माणसं त्या काळी होती किती? १९५१ च्या शिरगणतीच्या सुमारास आपल्या देशात सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होतं. बालमृत्यू फार, म्हणून सरासरी इतकी खाली, हे शिक्षकबंधू जाणतातच. आज तो आकडा सत्तरीला टेकला आहे.

या बदलाची एक खूण पिंपरीला आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५४ साली तिथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला, आणि १९५५ पासून देशी पेनिसिलीन निघू लागलं. त्याआधी अंथरुणाला खिळलेला वृद्ध पुष्कळदा न्यूमोनियाने जाई. पाश्चात्त्य डॉक्टर त्या दुखण्याला ‘म्हाताऱ्याचा मित्र’ म्हणत, कारण ते फार दिवस खिळवून ठेवीत नसे. औषधांनी या मित्राला दाराबाहेर अडवलं, आणि म्हातारपण लांबलं.

पुढे पिंपरी-चिंचवड-भोसरीच्या कारखान्यांत गावोगावचे तरुण आले. त्यांतले पहिले आज ऐंशीच्या घरात आहेत, आणि मुलं-नातवंडं चाकणला पाळीवर जातात. अशा एखाद्या घरी आजोबा आधी नावं विसरतात, मग माणसं, आणि एके दिवशी घास गालात धरून नुसते बसून राहतात. गिळायचं कसं, हेच मेंदू विसरलेला असतो. याला स्मृतिभ्रंश म्हणतात. त्याच्या एका प्रकारात मेंदूत काय बिघडतं, ते १९०६ साली अल्झायमर या जर्मन डॉक्टरने दाखवलं. अशा वेळी घरच्यांना विचारलं जातं, ‘नळी घालायची का?’ आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, ‘अहो, उपाशी कसं ठेवायचं?’

तर मंडळी, ही नळी आली कुठून ते पाहा. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या जॉन हंटरने, गिळता न येणाऱ्या एका रोग्याला व्हेलबोनच्या काडीवर ईल माशाची कातडी चढवून केलेल्या नळीने अन्न दिलं. रोगी बरा होईतो निभावून न्यावं, एवढाच हेतू. १९७९ साली अमेरिकेत क्लीव्हलंड येथे गॉडरर आणि पॉन्स्की यांनी पोट न फाडता थेट जठरात नळी बसवण्याची युक्ती काढली, तीही लहान मुलांसाठी. युक्ती सोपी होती, म्हणून ती वृद्धांकडे वळली. उपयोग होतो की नाही, हे मात्र कुणी नीट तपासलं नव्हतं.

तपासणी पुढे झाली. १९९९ साली तीन अमेरिकन डॉक्टरांनी तोवरचे अहवाल चाळले. अखेरच्या अवस्थेतल्या स्मृतिभ्रंशात नळीने आयुष्य वाढतं, न्यूमोनिया टळतो, असा पुरावा त्यांना सापडला नाही. २०१२ साली ३६,००० हून अधिक वृद्धांची माहिती अभ्यासली गेली. नळी घातलेले आणि न घातलेले, दोघांच्या आयुष्यात फरक दिसला नाही. कारण सरळ आहे. नळी असली तरी तोंडातली लाळ श्वासनलिकेत उतरतेच, आणि जठरातलं अन्नही वर येतं. शिवाय न कळणारा माणूस नळी उपसतो, म्हणून त्याचे हात बांधतात. मला हे बांधलेले हात उपासापेक्षा कठीण वाटतात.

पण गैरसमज नको. पक्षाघातातून सावरणारा किंवा घशाची शस्त्रक्रिया झालेला रोगी याच नळीने जगतो. तिथे नाही म्हणू नका.

हाताने भरवण्याची मोठी साक्ष मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात आहे. परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर १९७३ साली तिथेच हल्ला झाला, आणि मेंदूला कायमची इजा झाली. त्यांचं दुखणं वेगळं, स्मृतिभ्रंश नव्हे. सहकारी परिचारिकांनी त्यांना कुसकरलेलं अन्न हाताने भरवलं, ते २०१० च्या सप्टेंबरात ताप येऊन खाणं घटेपर्यंत. नळी आली ती त्यानंतर. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना मरू द्यावं ही विनंती नाकारली, पण इतर रोग्यांसाठी, उच्च न्यायालयाच्या परवानगीने, उपचार थांबवण्याची वाट उघडी केली. १८ मे २०१५ रोजी त्या गेल्या, न्यूमोनियानेच.

२०१८ साली त्याच न्यायालयाने आणखी एक हक्क मान्य केला. शुद्धीत असताना माणसाने आपली इच्छा लिहून ठेवावी. २०२३ पासून ती दोन साक्षीदारांसमक्ष, नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे करता येते. स्मृती गेल्यावर मात्र हा कागद होत नाही, बरं का.

आणि भरवायचं कसं? रोग्याला ताठ बसवावं, हनुवटी किंचित खाली. मऊ भात, घट्टसर पेज, चमचा अर्धाच. आधीचा घास उतरला की पुढचा. अर्धा-पाऊण तास लागतो, लागू द्यावा. खाऊन झाल्यावर लगेच आडवं करू नये. तोंड फिरवलं की थांबावं, आणि ओठ ओल्या फडक्याने टिपत राहावे.